अतिचंचल मुलं, मोबाईल आणि आपण

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



२००१ साली आपल्या संस्थेची नोंदणी झाली, तेव्हा तिन्ही विंगमधले मिळून मोबाईल बोटांवर मोजता आले असते. तेव्हा इनकमिंगलाही पैसे पडायचे, त्यामुळे फोन वाजला की माणूस आनंदी होण्याऐवजी काळजीत पडायचा. आज घरात माणसं चार आणि फोन पाच, अशी परिस्थिती आहे. पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलली, टाक्या बदलल्या, गेटला कॅमेरे बसवले. पण घराच्या आत जो बदल झाला त्याच्याइतका मोठा बदल कुठलाच नाही.

सचिवांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी बँकेतला माणूस, तेव्हा मुदत ठेवी, नॉमिनेशन, मृत्युपत्र असं काहीतरी बोलेन. ते मी पुढच्या वेळी बोलेनच, त्यातून तुमची सुटका नाही. आज मात्र मला एका वाक्यावर बोलायचं आहे. हे वाक्य मी लिफ्टमध्ये ऐकलंय, भाजीवाल्याच्या गाडीशी ऐकलंय, पालक सभेहून परतणाऱ्या आईबापांच्या तोंडून ऐकलंय आणि आमच्या घरातही ऐकलंय. ते वाक्य असं : "मोबाईलवर तीन तास हलत नाही, मग अभ्यासालाच याचं लक्ष कसं लागत नाही?"

प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तरही आहे. ते उत्तर माहीत नसल्यामुळे कितीतरी घरांत रोज रात्री भांडणं होतात, आणि काही मुलं आपण आळशी आहोत, वाया गेलोय, असं मनात धरून मोठी होतात. म्हणून हा विषय.

आधीच स्पष्ट करतो, मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षं बँकेत कर्जाच्या फायली वाचल्या, त्यामुळे कागद नीट वाचायची सवय आहे, एवढंच. हा विषय आमच्या घरात आला तेव्हा डॉक्टरांना विचारलं, मिळेल ते वाचलं. माझ्या नातवाबद्दलही मी बोलणार आहे. त्याची परवानगी घेतलीय. त्याने दोन अटी घातल्या : "आबा, नाव घ्यायचं नाही, आणि बिचारा म्हणायचं नाही." या सभागृहातले सगळे त्याला ओळखतात, तरी मी अट पाळणार.

तर एडीएचडी. मराठीत त्याला अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता असं म्हणतात. हे काही मोबाईल आल्यावर निघालेलं खूळ नाही. १८४५ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या एका डॉक्टरांचं, हाइनरिश हॉफमन यांचं, लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक निघालं. त्यात जेवणाच्या टेबलावर स्वस्थ न बसणारा, खुर्ची मागेपुढे झुलवणारा आणि शेवटी टेबलक्लॉथसकट सगळं जेवण खाली ओढणारा एक मुलगा आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात असा मुलगा होऊन गेलाय. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांवर डॉक्टरांपुढे व्याख्यानं दिली. म्हणजे टीव्हीच्या, इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून ही मुलं आहेत. मोबाईलने एडीएचडी निर्माण केला, हे म्हणणं बरोबर नाही. आणि आईबापांनी लाडावून ठेवलं म्हणून झालं, हे तर त्याहून चुकीचं. जुळ्या मुलांवरच्या अभ्यासांतून दिसलं आहे की यात आनुवंशिकतेचा वाटा खूप मोठा, साधारण ७० ते ८० टक्के आहे. त्यामुळे मुलाची तपासणी चालू असताना किल्ल्या शोधत फिरणारे बाबा हळूच विचारतात, "डॉक्टर, हे सगळं तर माझंही आहे!"

जगभरात साधारण १०० मुलांमागे ५ मुलांना हा त्रास असतो. काहींमध्ये चंचलता ठळक असते, काहींमध्ये नुसतंच लक्ष विखुरलेलं असतं, तर काहींमध्ये दोन्ही. मुलींमध्ये बऱ्याचदा दुसरा प्रकार असतो. ती खिडकीतून बाहेर बघत शांत बसलेली असते, कुणाला त्रास देत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. "जरा स्वप्नाळू आहे," असं म्हणून आपण सोडून देतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझं आजचं भाषण तुम्ही विसरलात तरी चालेल, पण एवढं एक लक्षात ठेवा. या मुलांकडे लक्ष नसतं असं नाही. लक्ष असतं, त्याचा लगाम हातात नसतो. जिथे गोडी आहे, नवं काही आहे, लगेच बक्षीस आहे, तिथे ते लक्ष असं चिकटतं की ओढून निघत नाही. जिथे फळ उशिरा मिळणार, तिथे ते ठरत नाही.

बँकेच्या भाषेत सांगतो. अभ्यास ही मुदत ठेव आहे. आज पैसे ठेवा, व्याज दहावीच्या निकालात मिळेल. मोबाईल म्हणजे रोख देणारा काउंटर आहे. बोट फिरवलं की लगेच हातात काहीतरी पडतं. आपल्या सगळ्यांनाच काउंटर आवडतो, पण मेंदूतला मॅनेजर सांगतो, "थांब, ठेव मोडू नकोस." एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये हा मॅनेजर उशिरा रुजू होतो. ही नुसती उपमा नाही. अमेरिकेत फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो मुलांच्या मेंदूचे स्कॅन तपासून २००७ साली निष्कर्ष मांडला की मेंदूच्या बाहेरच्या थराच्या वाढीचा जो टप्पा इतर मुलं साधारण साडेसातव्या वर्षी गाठतात, तो ही मुलं साडेदहाव्या वर्षी गाठतात. वाढ होते त्याच क्रमाने, पण उशिरा होते. रसेल बार्कले हे या विषयातले नामांकित मानसशास्त्रज्ञ. ते एक ढोबळ ठोकताळा सांगतात : स्वतःवर ताबा ठेवण्याच्या बाबतीत ही मुलं वयाच्या सुमारे ३० टक्के मागे असतात. म्हणजे उंची पंधरा वर्षांची, मिसरूड फुटलेलं, बुद्धीही पंधराची किंवा जास्तच, पण स्वतःला थांबवायची ताकद दहा-अकरा वर्षांच्या मुलाची. आता विचार करा, दहा वर्षांच्या मुलाच्या हातात रात्रभर इंटरनेट देऊन आपण झोपायला जाऊ का?

आणि हे इंटरनेट कसं आहे? आपल्या काळी गोष्टी संपायच्या. पेपर शेवटच्या पानावर संपायचा. सिनेमात 'समाप्त' यायचं. दूरदर्शन तर रात्री चक्क बंद व्हायचं. आता काहीच संपत नाही. खाली सरकवत राहा, नवं येतच राहतं. ही न संपणारी पट्टी २००६ साली एझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने बनवली आणि पुढे त्यानेच जाहीरपणे तिच्याबद्दल खंत व्यक्त केली. ज्या गाडीचे ब्रेक आधीच कच्चे, तिला असा रस्ता मिळाला की ज्यावर सिग्नल नाही, गतिरोधक नाही, टोलनाकासुद्धा नाही. दोष गाडी चालवणाऱ्या पोराचा एकट्याचा कसा म्हणणार?

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, याचाही अभ्यास झालाय. लॉस एंजेलिस परिसरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या २,५८७ मुलामुलींवर, ज्यांच्यात सुरुवातीला एडीएचडीची ठळक लक्षणं नव्हती, संशोधकांनी दोन वर्षं लक्ष ठेवलं. २०१८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ते छापून आलं. चौदा प्रकारच्या डिजिटल गोष्टी त्यांनी मोजल्या. त्यांतली एकही सतत न करणाऱ्यांमध्ये नंतर लक्षणं दिसली ४.६ टक्के मुलांत. चौदाही सतत करणाऱ्यांमध्ये १०.५ टक्के. फरक दुपटीहून जास्त आहे. पण संशोधकांनीच बजावलंय की यावरून मोबाईलमुळेच हे झालं असं सिद्ध होत नाही. मी त्यातून इतकंच घेतो, की ज्याचा ब्रेक कच्चा आहे त्याला जपून चालवायला शिकवावं.

इंटरनेट म्हणजे विषच, असंही माझं म्हणणं नाही. आज सकाळी आपण सर्वांनी संस्थेच्या पंचवीस वर्षांची जी चित्रफीत पाहिली आणि जिला इतक्या टाळ्या पडल्या, ती बनवणारा कोण होता? फोटो जोडणं, आवाज देणं, जुने फोटो स्वच्छ करणं, सगळं तो पडद्यावर बघून शिकला. धड्याची पाच पानं वाचताना ज्याचा जीव जातो, तो त्याच धड्याचा दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून मला समजावून सांगतो. २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर एडीएचडी असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी एका व्हिडिओ गेमला उपचाराचा भाग म्हणून मान्यता दिली. तेव्हा पडदा आपला शत्रू नव्हे. प्रश्न एवढाच, की थांबायचं केव्हा हे ठरवणारा कोण?

आता आमच्या घरातली गोष्ट. दीड वर्षापूर्वी सूनबाईंनी मला त्यांच्या खात्याचा उतारा दाखवला. दोन महिन्यांत एका गेमच्या नावे ४१ नोंदी होत्या. २९ रुपये, ७९ रुपये, १५९ रुपये. एकही नोंद मोठी नव्हती, म्हणून कुणाच्या नजरेत भरली नव्हती. बेरीज मात्र मोठी झाली होती. घरात सगळे पैशांबद्दल बोलत होते. मी जुन्या सवयीने रकमेच्या शेजारची वेळ बघितली. ४१ पैकी ३३ नोंदी रात्री अकरानंतरच्या होत्या. काही तर पहाटे दोनच्या. म्हणजे पैसे गेले ते गेलेच, पण दोन महिने हा मुलगा झोपलाच नव्हता.

त्या रात्री आवाज चढले. फोन काढून घेतला गेला. दार आपटून तो बाहेर पडला. पुढचे दोन तास आमच्या घराने कसे काढले ते मी सांगत बसत नाही. तुमच्यापैकी कितीतरी जण तेव्हा टॉर्च घेऊन खाली उतरला होतात, त्याबद्दल आज या व्यासपीठावरून मनापासून आभार मानतो. आपल्या वॉचमनकाकांना तो बी विंगच्या गच्चीवर, टाकीच्या मागे बसलेला सापडला. मी वर गेलो. तो रागात नव्हता. तो म्हणाला, "आबा, मी रोज ठरवतो. आज फक्त दहा मिनिटं. पण हात थांबतच नाही. माझ्यात काहीतरी बिघडलंय का?"

हा प्रश्न एका चौदा वर्षांच्या मुलाच्या मनात किती दिवस असेल, बघा. बाहेरून आपल्याला उद्धटपणा दिसतो, आत हा प्रश्न असतो.

त्यानंतर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. एका भेटीत, पाच मिनिटांत निदान झालं नाही, आणि होऊही नये. मोबाईलवर दहा प्रश्नांची चाचणी येते आणि 'तुम्हाला एडीएचडी आहे' असं सांगते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. डॉक्टरांनी बघितलं ते असं : लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून आहेत का, फक्त घरी आहेत की शाळेतही आहेत, किमान सहा महिने टिकून आहेत का. झोप, दृष्टी, श्रवण, मनावरचा ताण यांपैकी दुसरं काही कारण नाही ना, हेही तपासलं. सूनबाईंनी दुसरीपासूनची प्रगतिपुस्तकं जपून ठेवली होती. प्रत्येक वर्षी, वेगवेगळ्या बाईंच्या अक्षरात, शेरा मात्र एकच : हुशार आहे, पण लक्ष देत नाही. तेव्हा पालकांनो, प्रगतिपुस्तकं रद्दीत घालू नका.

औषधांबद्दल लोक दबक्या आवाजात विचारतात. या आजारावर औषधं आहेत आणि त्यांचा अभ्यास कित्येक दशकं चालू आहे. काही मुलांना लागतात, काहींना लागत नाहीत. काही औषधं कडक नियंत्रणाखाली, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात. हा निर्णय डॉक्टर आणि आईवडिलांचा आहे, कट्ट्याचा नाही. चष्मा लागलेल्या मुलाला आपण "मनावर घे, दिसेल" असं म्हणत नाही, तेवढं भान इथेही ठेवावं.

पण औषध असो वा नसो, घरातली शिस्त घरालाच बसवावी लागते. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी मला माझ्या पद्धतीने समजल्या, त्या तुम्हाला सांगतो. बँकेत अज्ञान मुलाचं खातं असतं, मायनर अकाउंट. त्याचे नियम आठवा. एक, पैसा मुलाचाच असतो, पालक फक्त सही करतो. दोन, त्या खात्यात ओव्हरड्राफ्ट देत नाहीत, शिल्लक शून्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. तीन, दहा वर्षांपुढच्या मुलाला बँक मर्यादा घालून स्वतः व्यवहार करू देते. आणि चार, अठरा पूर्ण झाली की नवी सही घेऊन खातं त्याच्या हवाली करतात. मोबाईलचंही असंच चालवावं. आमच्या फ्रिजवर एक पानी करार लावलेला आहे. त्यावर आईची, बाबांची आणि मुलाची सही आहे, साक्षीदार म्हणून माझी. त्यातली कलमं अशी.

पहिलं कलम, झोपेचा ओव्हरड्राफ्ट नाही. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. आधीच लगाम ढिला, त्यात झोप नाही, म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळेत काय होणार? रात्री साडेदहाला घरातले सगळे फोन हॉलमध्ये, चपलांच्या कपाटावर चार्जिंगला लागतात. सगळे म्हणजे बाबांचा आणि माझासुद्धा. "अलार्म लावायचाय" हे कारण नको म्हणून दीडशे रुपयांचं गजराचं घड्याळ आणलं.

दुसरं, एकदम "बंद कर!" नाही. या मुलांना वेळेचा अंदाज येत नाही. दहा मिनिटं आणि एक तास त्यांना सारखाच वाटतो. म्हणून दहा मिनिटं आधी जवळ जाऊन, खांद्याला हात लावून सांगायचं. स्वयंपाकघरातून ओरडून नाही. दिसेल असं टायमर समोर ठेवायचं. चालू डाव संपला की ठेवायचा. मधेच हिसकावला तर भांडण ठरलेलं.

तिसरं, मोह आधीच कमी करायचा. नोटिफिकेशन बंद, आपोआप पुढचा व्हिडिओ चालू होणं बंद. अभ्यासाचा व्हिडिओ हॉलमधल्या कॉम्प्युटरवर, मोबाईलवर नाही. शाळेचा ग्रुप आईच्या फोनवर, गृहपाठ कागदावर उतरवून. अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत. फॅमिली लिंकसारखी पालकांसाठीची सोय फुकट मिळते, ती मुलाला सांगून, त्याच्या समोर बसून लावायची. चोरून लावलं तर तो चोरूनच काढेल, आणि तंत्रज्ञानात तो आपल्या दहा पावलं पुढे आहे.

चौथं, पैशाची किल्ली पालकाकडे. यूपीआयचा पिन मुलांना सांगायचा नाही, कार्ड फोनमध्ये साठवायचं नाही, खरेदीला दर वेळी पासवर्ड लागेल अशी व्यवस्था करायची. गेलं वर्षभर पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा २०२५ चा केंद्राचा कायदा चर्चेत आहे. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची खाती बंद केली. कायदे हवेतच. पण रात्री दीड वाजता आपल्या बेडरूममध्ये कायदा येत नाही.

पाचवं कलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इंटरनेटवर काही चुकलं, कुणी धमकावलं, फोटो मागितला, पैसे गेले, रागाच्या भरात नको ते लिहिलं गेलं, तर लगेच घरी सांगायचं. सांगितलं म्हणून फोन काढून घेतला जाणार नाही. ही मुलं आधी करतात आणि मग विचार करतात, त्यामुळे जाळ्यात लवकर सापडतात. प्रत्येक चुकीला फोन जप्त, असं धोरण ठेवलं तर मूल एकच गोष्ट शिकतं, ती म्हणजे न सांगणं. आणि न सांगितलेली गोष्टच पुढे महागात पडते. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, तो मुलांनाही पाठ असू द्या.

सहावं, व्याज रोजच्या रोज. "नव्वद टक्के मिळाले तर नवीन फोन" ही या मुलांसाठी फार लांबची मुदत ठेव आहे. आज ठरल्या वेळी फोन ठेवला, तर आजच शाबासकी. पंचवीस मिनिटं बसून गणितं सोडवली, तर लगेच पाच मिनिटं मोकळी. दिवसभरात त्याच्या चुका शंभर जण दाखवतात. बरोबर केलेलं दाखवणारा एक तरी माणूस घरात हवा. आजी-आजोबांना हे काम उत्तम जमतं. आपल्याला वेळही असतो.

आणि शेवटचं कलम, दर तीन महिन्यांनी फेरआढावा. करार पाळला तर मर्यादा वाढते. पंधराव्या वर्षी जेवढी मोकळीक, तेवढीच सतराव्या वर्षी ठेवून चालत नाही. अठराव्या वाढदिवशी त्याच्या हातात पूर्ण खातं जाणार आहे. तोपर्यंत सही करायची सवय आपल्या देखरेखीखाली झाली, तर पुढची भीती कमी.

याने जादू झाली का? नाही. करार दोनदा मोडला, एकदा तर परीक्षेच्या आदल्या रात्री. पुन्हा बसलो, पुन्हा सह्या केल्या. आज परिस्थिती अशी आहे की आठवड्यातले पाच दिवस फोन न सांगता साडेदहाला हॉलमध्ये येतो, दोन दिवस सांगावं लागतं. सकाळी तो स्वतः उठतो. आणि गच्चीवर विचारलेला प्रश्न त्याने पुन्हा विचारलेला नाही. मला हा हिशेब नफ्याचा वाटतो.

ज्यांना मदत हवी त्यांच्यासाठी थोडी माहिती. केंद्र सरकारची टेलिमानस ही हेल्पलाईन २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलता येतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच संस्था आहे. तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी बंगळूरच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून वेगळं क्लिनिक चालतं. एडीएचडीसोबत अनेक मुलांना वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमताही असते. ती तपासून प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळासारख्या सवलती मिळतात. मुंबईत शीव, केईएम, नायर या रुग्णालयांत ही सोय आहे. पण रांग मोठी असते, म्हणून आठवी-नववीतच चौकशी करा. दहावीच्या फेब्रुवारीत धावपळ करून उपयोग नाही.

आता संस्थेकडे वळतो. मूल घरात जितकं वाढतं तितकंच जिन्यात, गच्चीवर आणि पार्किंगमध्ये वाढतं. आपल्या आवारात तीन ठिकाणी फलक आहे, 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे.' त्याच फलकाखालच्या बाकावर बसून आपण म्हणतो, "हल्लीची मुलं सारखी मोबाईलवर!" या मुलांना मैदान म्हणजे औषधाच्या जोडीचं औषध आहे. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याला नवव्या वर्षी एडीएचडीचं निदान झालं होतं. त्याच्या चंचलतेला पोहण्याचा तलाव मिळाला आणि पुढे जगाने २३ ऑलिंपिक सुवर्णपदकं बघितली. आपल्या पोरांना तलाव देता येणार नाही, पण पार्किंगची मोकळी बाजू देता येईल.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात मी सदस्य या नात्याने तीन सूचना मांडतो. सचिवसाहेब, इतिवृत्तात नोंद घ्यावी. एक, रोज संध्याकाळी पाच ते सात मागच्या मोकळ्या जागेत मोठ्या मुलांना मऊ चेंडूने खेळायची परवानगी असावी. गाडीची काच फुटली तर भरपाईचा पहिला हप्ता माझा. दोन, डिसेंबर ते मार्च रोज रात्री आठ ते दहा हे सभागृह अभ्यासिका म्हणून उघडं ठेवावं. फोन दारातल्या खोक्यात, आणि पाळीपाळीने आम्ही दोन ज्येष्ठ पुस्तक घेऊन शांत बसू. शेजारी कुणी आपलं काम करत बसलेलं असलं की अशा मुलांचा अभ्यास पुष्कळ बरा होतो, हा आमचा घरचा अनुभव आहे. पाळी लावायला मी पहिलं नाव देतो. आणि तीन, कुठल्याही मुलाबद्दल, नाव घेऊन किंवा न घेता, संस्थेच्या ग्रुपवर चर्चा करू नये. काही खटकलं तर दारावरची बेल वाजवावी, चहा घ्यावा आणि आईवडिलांशी बोलावं. तो ग्रुप मुलंही वाचतात.

मागच्या रांगेतल्या मित्रांनो, तुमच्यासाठी दोनच शब्द. तुमच्यापैकी कुणाला वाटत असेल की सगळ्यांना जमतं, मलाच का जमत नाही, तर गप्प बसू नका. आईला सांगा, बाबांना सांगा, शाळेतल्या समुपदेशकांना सांगा. तेही अवघड वाटलं तर ए विंग, पहिला मजला, दुपारी चारनंतर दार उघडं असतं. चहा मिळेल, उपदेश मिळणार नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मधे फक्त तीनच फोन वाजले आणि तिन्ही ज्येष्ठांचे होते, याची नोंद घेऊन मी थांबतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.